लंगड्या घोड्याच्या ओढ्यावरचे फावडे

मित्रांनो, मानवजातीचा इतिहास तलवारीने लिहिला असे तुम्हाला शिकवतात. साफ खोटे आहे. तो फावड्याने लिहिला. कालवे, नगरे, साम्राज्ये, सगळे आमच्या पात्यावर उभे राहिले.

मी एक जुने फावडे आहे. या उन्हाळ्यात महिनाभर मी पहाटे चिखल काढला आणि दुपारी तोच चिखल परत भरला.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही. आठवते ते आयडाहोच्या डोंगरातले हे गाईंचे रान. ऑर्व्हिलने मला प्रथम खांद्यावर टाकले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आता त्र्याऐंशीचा आहे. माझे पाते तेव्हा आजच्या दीडपट होते. बाकीचे ओढ्यात गेले.

इथे डोंगरावरचे बर्फ वितळले की लंगड्या घोड्याच्या ओढ्याला पाणी येते. ते पाटांनी कुरणावर न्यायचे, म्हणजे गवत होते आणि हिवाळ्यात गाई जगतात. म्हणून या मुलखात जो तो पहाटे फावडे घेऊन पाण्याच्या कडेने चालतो. काटकी अडकली, काढ. गाळ साचला, उपस. ऑर्व्हिलची बायको गेली तेव्हा शेजारचा क्लाईड समाचाराला आला आणि डोळे पुसता पुसता बुटाच्या टोकाने पाटातला गवताचा पुंजका सारून गेला. कुणालाही त्यात वावगे वाटले नाही.

"हे फावडं माझ्यापेक्षा शहाणं आहे," असे ऑर्व्हिल एकदा म्हणाला होता. एकसष्ट वर्षांतली शाबासकी ती एवढीच.

पण आम्ही मोकळे केलेले पाणी धावत सुटले आणि धावता धावता ओढ्याने आपलाच तळ खरवडून खोल नेला. कुरण वर राहिले, पाणी खाली. ऑगस्ट आला की ओढा कोरडा. ऑर्व्हिलची लेक लोरेटा दोन वर्षे गाई विकत होती. उरल्या एकोणीस. यंदाही ओढा आटला तर त्याही जाणार होत्या.

मग मर्ना आली. तिची संस्था ओढ्यांमध्ये बीव्हर सोडते. बीव्हर म्हणजे चपट्या शेपटीचे जनावर. दातांनी झाड पाडायचे, काटक्या आणि चिखलाचा बांध घालायचा, पाणी तुंबवायचे, हा त्याचा धंदा. ऑर्व्हिलच्या आजोबांनी कातड्यासाठी इथले बीव्हर संपवले होते. आता त्यांचीच पणती लोरेटा ते परत मागत होती.

"पाणी थांबलं तर जमिनीत मुरेल," मर्ना म्हणाली, "आणि ऑगस्टमध्ये हळूहळू ओढ्यात उतरेल."

"थांबलेलं पाणी म्हणजे आळशी पाणी, बीव्हरबाई," ऑर्व्हिल म्हणाला. पण लेकीच्या तोंडाकडे बघून त्याने सही केली.

माणसांनी ओढ्यात खुंट ठोकले, त्यात काठावरच्या वाळुंज झाडांच्या लवचीक फांद्या विणल्या, माझ्याकडून चिखल लिंपून घेतला आणि बीव्हरची एक जोडी सोडली. अट एकच. जुलै सरेपर्यंत बांध टिकला नाही, तर जोडी दुसऱ्या ओढ्यात न्यायची.

रोज सकाळी बांध फुटलेला असे. लोरेटा दुपारी मला घेऊन बुजवी, बीव्हर उरलेले बांधीत, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

"क्लाईडच असणार," लोरेटा म्हणे.

"सापडू दे, तंगडं मोडतो," ऑर्व्हिल म्हणे.

मला सगळे ठाऊक होते. पण फावडी फक्त मुलांच्या निबंधात बोलतात.

शेवटी मर्नाने झाडाला कॅमेरा बांधला. चित्रे बघायला सगळे स्वयंपाकघरात जमले. मला दाराशी टेकवले होते. चित्रात लांब अंतर्वस्त्रे, गुडघाभर बूट आणि टोपी घातलेला एक म्हातारा मोठ्या तन्मयतेने बांध उपसत होता.

सगळ्यांच्या माना ऑर्व्हिलकडे वळल्या.

"फावडं आपलं आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

"टोपीही आपलीच आहे, बाबा."

"अगं, मी बांध कुठे फोडला? जरा कचरा काढला. पाणी अडलं होतं तिथे!"

"अडवायलाच तर आणलंय त्यांना!"

"ऑर्व्हिल, ती दोघं दमलीत," मर्ना हळूच म्हणाली. "बांधण्यातच वेळ जातोय, खाणार कधी? अजून आठवडाभर असंच चाललं तर मला न्यावंच लागेल त्यांना."

ऑर्व्हिलने स्वतःच्या हातांकडे पाहिले. "मला कोंडून ठेव, पोरी."

"तुम्हाला नाही. फावड्याला," म्हणत लोरेटाने मला कोठारात घालून कुलूप लावले.

अशी मला एकसष्ट वर्षांतली पहिली सुट्टी मिळाली. ती एक दिवस टिकली. दुसऱ्याच पहाटे ऑर्व्हिल लोरेटाला हाका मारीत, कुलूप हलवीत उभा. "दे मला ते. फोडत नाही. पण हात रिकामे राहिले तर हातांनीच उपसेन बघ."

तेव्हापासून तो रोज काठावर येतो, मला चिखलात रोवतो आणि दोन्ही हातांनी माझा दांडा गच्च धरून उभा राहतो. बांधात काटकी अडकली की त्याची मूठ आणखी आवळते. ते मला दांड्यातून कळते. पहिले काही दिवस तो नुसत्या शिव्या घाली. मग एकदा फांदी ओढत चाललेल्या बीव्हरवर ओरडला, "तिथे नको रे आंधळ्या, डावीकडे गळतंय!" त्या दिवसापासून तो स्वतःला मुकादम समजतो.

ऑगस्टमध्ये गाई उतरतात त्या जागी ओढ्याला पाणी होते. एकोणीस गाई ओळीने प्यायल्या. लोरेटा ओल्या गवतात उभी होती. बुटात पाणी शिरले तशी तिथेच बसली, बूट काढले आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.

मित्रांनो, पाणी थांबू द्यावे, जनावरे राखावीत, मोडण्याआधी विचार करावा, हे मी मनापासून सांगतो. तुम्ही ते परीक्षेत लिहालच. माझी स्वतःची विनंती लहान आहे. ऑर्व्हिल रोज दोन-दोन तास सगळा भार माझ्यावर टाकून उभा असतो, आणि तो दिसतो त्यापेक्षा जड आहे. कुणीतरी त्याला एक स्टूल नेऊन द्या.