केरू गांगुर्डे यांच्या मागणीवरून

नाशिक रोडच्या त्या कॉलनीत केरू गांगुर्डेला घराबाहेर पडायचं म्हणजे तीन पायऱ्या आडव्या येत. सुरुंगात पाय गेला तेव्हा सरकारनं व्हीलचेअर दिली. पायऱ्या मात्र बिल्डरच्या होत्या. रोज बायको आशा आणि वॉचमन मिळून त्याला खुर्चीसकट उचलून खाली ठेवत. त्याला हवा होता एक सिमेंटचा उतार, बस्स.

"झालाच समज," सोसायटीचा चेअरमन सुनील म्हणाला. दोघं शाळेपासूनचे दोस्त. "अर्ज मी टाईप करून घेतो, तू कोऱ्या कागदावर खाली सही ठोक. माजी सैनिकाची सही दिसली की फाईल पळते."

फौजेत अठरा वर्षं दाखवतील तिथं सही केलेला माणूस. केली.

फाईल खरंच पळाली. महिन्याभरात सिमेंट आलं, गवंडी आले आणि गेटजवळ कमरभर उंचीचा चौथरा उठला. त्यावर फायबरचं क्षेपणास्त्र बसलं. गणपतीच्या देखाव्यातलंच, नव्यानं रंगवलेलं.

"सुन्या, उतार?"

"अरे, पलीकडच्या कॉलनीनं रणगाडा बसवला! आपण काय कुंड्या मांडायच्या? सिमेंट उरलं की तुझंच काम. बरं, तू तोफखान्यातला, सांग, तोंड शत्रूकडंच आहे ना?"

केरूनं सूर्याकडं पाहिलं. "आपल्याच कळवणकडं आहे."

"असू दे. पलीकडची कॉलनीही त्याच बाजूला येते."

उद्घाटनाला पाहुणा केरूच. चौघांनी जयघोषात त्याला वर चढवलं. त्यानं फीत कापली, पाटीवरचा पडदा सरला: 'माजी सैनिक केरू गांगुर्डे यांच्या मागणीवरून.' खाली त्याची सही, हुबेहूब कोरलेली.

टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग कुणीतरी मिसळ आल्याचं ओरडलं आणि उचलणारे चौघंही तिकडं गेले.

"सुन्या, खाली घे मला."

"आलोच रे. बस जरा, शोभतोस!"

गर्दी पांगल्यावर आशा आली. तिनं पाटी दोनदा वाचली.

"हे मागितलंत तुम्ही?"

"सही माझीच आहे," केरू म्हणाला.

ती वॉचमनला घेऊन आली. दोघांनी खुर्ची कशीबशी जमिनीवर टेकवली. आशानं ती घराच्या पायऱ्यांकडं वळवली, तर वॉचमन जागचा हलेना.

"घरापर्यंत नाही येता यायचं, वहिनी. चेअरमनसाहेबांची ऑर्डर आहे. आजपासून माझी ड्युटी इथंच," तो म्हणाला आणि क्षेपणास्त्राखाली ताठ उभा राहिला.