धूळ मोजणाऱ्या मशीनची गुलाबबागेतली ड्यूटी

मी धूळ मोजणारी मशीन बोलतेय. पण आधी ते दार जरा हळू लावा, मला दचकायला होतं.

हे दचकणं जन्माचंच. सांवेर रोडवरच्या एका शेडमध्ये मला जोडलं आणि पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा शेजारच्या मिरची दळणाऱ्या कारखान्याचं दार सताड उघडं होतं. माझा पहिलाच श्वास! जोडणारा माणूस शिंकत पळाला. मला चार पाय आहेत, पण पळता येत नाही.

माझं काम सोपं आहे. डोक्यावरच्या झाकणाखाली एक पांढराशुभ्र कागद बसवतात. मी आठ तास हवा आत ओढते, धूळ कागदावर बसते. कागद जितका मळला, तितकी हवा मळकी. या सोप्या कामात माणसांनी काय काय कला आणल्या आहेत, त्या ऐका.

माझे मालक अच्युतजी. सुदामा नगरात त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर लॅब आहे. त्यांचे पणजोबा संस्थानात मोठे अधिकारी होते, हे ते मला पुसतानासुद्धा सांगतात. मी घरघर करते. त्यांना वाटतं, मला पटलं.

गेल्या वर्षी लॅबमध्ये मिताली आली. एमएस्सी झालेली, प्रोबेशनवर. वरच्या मजल्यावर कुकरची शिटी झाली की ही खाली खुर्चीतून उडायची. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

डिसेंबरात तिला माझ्यासोबत दूरच्या एका कोळसा खाणीवर पाठवलं. सरकारी तपासणी होती आणि तिच्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा. गाडीत मला चढवताना अच्युतजी म्हणाले, "बेटा, ही पार्टी हातातून गेली तर तुझं प्रोबेशन पण गेलं समज. ते म्हणतील तिथे मशीन ठेवायची. बाकी टेन्शन नको घेऊ."

मिताली "हो सर" म्हणाली आणि वाटभर नखं खात टेन्शनच घेत राहिली.

खाण आली तेव्हा मला वाटलं, चुकून लग्नघरी आलो. रस्त्यावर टँकरने पाणी मारलेलं. झाडांची पानं पाइपने धुतलेली. बिचारी थंडीत कुडकुडत होती. नवी रोपं तर इतक्या घाईत लावलेली, की काही प्लास्टिकच्या पिशवीसकट जमिनीत होती. गेटवर 'हरित खाण' असा फलक होता. मितालीने त्याला हात टेकवला, तर तळव्याला हिरवा रंग लागला.

कागदोपत्री माझी जागा ठरलेली होती. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून गावची शाळा आहे, तिच्या छपरावर. पण खाणीचे मॅनेजर यशवर्धन साहेब, नागपूरकडचे, गोड हसून म्हणाले, "शाळेत लाइटचा काही भरवसा नाही जी. आमच्या गेस्ट हाउसच्या बागेत ठेवा. प्लग आहे, गुलाब आहेत."

मितालीने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागे ट्रकचा हॉर्न वाजला आणि ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला गुलाबांत सुरू केलं. धुकं, वारा, बोचरी थंडी. बागेचा चौकीदार चांगदेव कानटोपी घालून आला. माझ्या पोटाच्या आडोशाला वारा लागत नाही, हे त्याने बरोबर हेरलं. तिथेच त्याने सिगडी पेटवली. कोळसा अर्थातच खाणीचा.

"या ताई, हात शेका. बोटं पाहा कशी जांभळी झाली!"

"डर नाही ना काही, दादा? मॅनेजर साहेब आले तर?"

"साहेब नऊशिवाय रजईतून निघत नाहीत."

मिताली बसली. चहा झाला, त्याच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट झाली. एमएस्सीच्या अभ्यासात सिगडी नसावी, कारण धूर सरळ माझ्या नाकात जातोय हे तिच्या लक्षातच आलं नाही. मी खोकले. वरच्या पट्टीत घरघरले.

"मशीन खूश दिसते," चांगदेव म्हणाला.

दुपारी तीनला सरकारी तपासनीस दिनानाथजी फाइल आणि मफलर सांभाळत आले. झाकण उघडलं. कागद कसला, तव्याचं बूड!

"असं होऊच शकत नाही!" यशवर्धन साहेब ओरडले. "दोन दिवस पाणी मारतोय आम्ही! मशीनसुद्धा मुद्दाम बागेत ठेवली!"

दिनानाथजींनी कानावरचा मफलर खाली केला. "मुद्दाम?"

साहेबांची नजर सिगडीवर पडली आणि जीव भांड्यात पडला. "ही पाहा, ही! चांगदेव, उद्यापासून येऊ नको तू. आणि मॅडम, तुम्ही लिहा, सिगडीमुळे बिघाड, मागच्या वेळचा आकडा कायम."

किती सोपं होतं! सही केली की प्रोबेशन पार. मितालीने पेन उघडलं आणि परत टोपण लावलं.

"हा कागद रद्दच आहे सर," ती म्हणाली. "सिगडीपाशी मी स्वतः बसले होते. गलती माझी, दादांची नाही. पण मागचा आकडा मी नाही लिहिणार. मागच्या वेळी पण मशीन इथेच होती ना?"

होती. याआधी आले त्या तिन्ही वेळा. मला तर त्या गुलाबांचे काटेसुद्धा पाठ आहेत.

"उद्या शाळेवर लावते. लिहून देते." तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती दचकली, पण उचलला. "अच्युत सर, तुम्ही मला बाद में ओरडा, हं."

दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या घरून वायर ओढून मला छपरावर चढवलं. खाली ट्रकांची रांग चाललेली. शाळेच्या बाई वर येऊन म्हणाल्या, "फळा पुसायला दोन फडकी लागतात आम्हाला. एक खडूचं, एक खाणीचं." मिताली आठ तास शाल गुंडाळून माझ्याजवळ उभी राहिली. कुणाला विडीसुद्धा पेटवू दिली नाही.

संध्याकाळी दिनानाथजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. बराच वेळ पाहिले. मग विचारलं, "यातला सिगडीचा कुठला?"

कुणालाच सांगता येईना.

खाणीला नोटीस गेली. चांगदेव बागेतच राहिला. पार्टी मात्र अच्युतजींच्या हातून गेली आणि मितालीचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. "काढत का नाही?" असं कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले, "दिनानाथजी आता त्या शाळेचं काम हिलाच सांगतात भिया, काढू कशी?"

आता दर महिन्याला आम्ही दोघी त्या छपरावर जातो. एरवी मी इथे सुदामा नगरात, जिन्याखाली असते. एक पाय लंगडा झालाय, झाकण करकरतं. फार मागणं नाही माझं. मला गुलाबांत नेऊ नका. त्यांना माझा उपयोग नाही. ज्या दिवशी त्या बाईंना दुसरं फडकं लागणार नाही, त्या दिवशी मला खुशाल भंगारात द्या.

फक्त हळू ठेवा. आपटू नका. दचकायला होतं.