वीस थेंब

लॅबमध्ये तिला सगळे निळी म्हणत. थुंकीच्या काचा रंगवून तिची बोटं निळी पडली होती, साबणाला दाद देत नव्हती. आधी लाल रंग, मग आम्ल, शेवटी निळा. क्षयाचा जंतू तेवढा लाल उरतो, बाकी सगळं निळं. बारा वर्षं हेच काम. आणि तोच निळा रंग पिऊन तिची थोरली बहीण मेली.

ताई तीन वर्षं उदासीच्या गोळ्या घेत होती, सावरली होती. फक्त थकवा जाईना. भाऊजींनी तिला ऊर्जा डॉक्टरकडे नेलं. हा गृहस्थ म्हणे पेशींमध्ये जान भरायचा. रोज पाण्यातून निळ्या औषधाचे वीस थेंब. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी : कोणत्याही गोळीबरोबर चालते. चौथ्या दिवशी सकाळी ताईचे हात थरथरायला लागले, अंग तापलं, जबडा आवळला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निळी जीभ बघितली आणि कपाळाला हात लावला. "त्या गोळ्यांवर हे कुणी दिलं?" पाचवा दिवस ताईने पाहिला नाही.

ऊर्जा डॉक्टर म्हणाला, "बाईंनी स्वतःच्या मनाने डोस वाढवला." भाऊजींनीही मान डोलावली. त्यांना तेच सोयीचं होतं, नेलं त्यांनीच होतं ना! मेलेल्याला तोंड नसतं, हे हरामखोरांना लवकर कळतं.

निळीने ताईची बाटली लॅबमध्ये आणली आणि थेंब थेंब मोजली. भरल्या बाटलीपेक्षा साठ कमी होते. तीन दिवसांचे साठ. एकसष्टावा नाही.

त्यानंतर महिनाभर ती लॅबमध्ये येणारे नमुने बघत राहिली. या डॉक्टरचे पेशंट लॅबमध्ये लघवी तपासायला येत, ती हिरवीनिळी असायची. हा रंग शरीरातून तसाच बाहेर पडतो. मग एका सोमवारी खुद्द डॉक्टरच्या लघवीची बाटली आली. पिवळीधमक. आदल्याच दिवशी, त्याच्या दर रविवारच्या सभेत, त्याने शंभर माणसांसमोर निळा ग्लास रिकामा केला होता. निळी एकटीच हसली. "अस्सं. म्हणजे लेका, तू शरबत पितोस."

पुढच्या रविवारी दुपारी ती सभेला गेली. भाऊजींना दंडाला धरून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. डॉक्टरने ग्लास उचलला, गटागट प्यायला. टाळ्या पडल्या. निळी उठली.

"डॉक्टर, एक शंका. हे घेतल्यावर सगळ्यांची लघवी निळी होते ना?"

सभागृहात खसखस पिकली. मागून एक आजोबा ओरडले, "अहो, माझी तर मोरासारखी होते!"

"मग तुमची का होत नाही?"

डॉक्टर गोड हसला. "साधनेने माझ्या पेशी सगळं शोषून घेतात, बाई."

"आणि आमच्या काय संपावर गेल्यात?" आजोबा म्हणाले. आता सगळेच हसले, डॉक्टर सोडून.

निळीने पर्समधून ताईची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. शेजारी नमुन्याची रिकामी डबी. "ही तुमचीच बाटली. सीलवर तुमचीच सही. वीस थेंब घ्या. मी इथेच बसते. काय शोषलं जातं ते दोन तासांत कळेल."

"असला तमाशा मी करत नाही."

"दर रविवारी करता की. आज फक्त बाटली माझी."

"घ्या की डॉक्टर!" मागून एक बाई म्हणाल्या. "आम्ही रोज घेतो."

निळीने पाण्यात वीस थेंब टाकले आणि ग्लास त्याच्या हातात दिला. त्याने शंभर चेहऱ्यांकडे पाहिलं, घाम पुसला आणि ग्लास ओठांपर्यंत नेला. त्याने घोट घेतला असता तरी तिने अडवलं नसतं. तेव्हाही नाही, आजही नाही.

तेवढ्यात काउंटरवर बाटल्या विकणारी त्याची बायको किंचाळत धावली. "अहो, नको! तुमच्या उदासीच्या गोळ्या चालू आहेत ना! तुम्हीच म्हणालात, त्यावर हे घेतलं की माणूस जातो!"

ग्लास हिंदकळला. पांढऱ्या कोटावर निळा ओघळ उतरला. ती मागची बाई उठली. "मी त्याच गोळ्या घेते," ती म्हणाली, मघाच्या आवाजात नाही. "तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही पाटी दाखवलीत."

डॉक्टर निळीच्या कानाशी आला. "बाई, आपण आत बसून बोलू. काहीतरी मार्ग काढू."

"ताईला विचारून सांगते," निळी म्हणाली. टेबलावरची बाटली तिने पर्समध्ये टाकली, त्याच्या हातातला ग्लासही काढून घेतला आणि उरलेलं डबीत ओतून झाकण लावलं. लॅबची सवय, पुरावा सांडू द्यायचा नाही.

भाऊजी पांढरेफटक पडले होते. "चल," ते पुटपुटले, "पोलिसांत तक्रार मीच लिहितो."

"लिहा. पण आधी इथे उभं राहून सांगा."

"काय सांगू?"

"ताईने डोस वाढवला नव्हता."

भाऊजींनी सांगितलं.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही," निळी म्हणाली. "पुन्हा."