उडत्या मांड्यांचं खापर

मी मंजुळाबाईंच्या चुलीवरचं खापर बोलतोय. धरणगावच्या कुंभाराने मला उपड्या कढईसारखं घडवलं. माझ्या तापलेल्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात. कुणाचं काही चुकलं की लोक मला दुसऱ्याच्या माथी फोडायला निघतात, पण मी आजवर कुणाच्या डोक्यावर पडलेलो नाही.

मांडा मात्र पडलाय. तो भूमिकाचा.

भूमिका मंजुळाबाईंची आठ वर्षांची नात. तिचे तिसापर्यंतचे पाढे पाठ, पण सपाट जमिनीवर अडखळते. तिने पाण्याचा तांब्या उचलला की मांजर आधीच उडी मारून कोनाड्यात बसतं. शाळेचा शेरा आला, ‘अक्षर मुद्दाम खराब काढते.’

“समदा आळस शे!” मंजुळाबाई म्हणाल्या. “मांडा कर. हात वळतीन.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस होते. मांडा दोन्ही हातांवर झुलवून मोठा करायचा आणि अलगद माझ्यावर टाकायचा. भूमिकाचा पहिला चुलीत गेला, दुसरा मांजरावर. तिसरा आजोबांच्या, झुलाल नानांच्या टोपीवर पसरला.

नानांनी चाचपून विचारलं, “आतमा पुरण शे का?”

सगळे हसले. भूमिका माझ्याजवळ बसून स्वतःच्याच हातांना चापट्या मारत राहिली. त्या आवाजाने मी तापलेला असूनही गार पडलो.

तिच्या आईने, सुलक्षणाने, ते पाहिलं. दुसऱ्याच दिवशी तिने धुळ्याची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजच्या कामांसाठी हात वळवायला शिकवणारी, गाठली. येताना प्रश्नांचा फॉर्म आणला आणि चुलीपाशी मोठ्याने वाचू लागली. सायकल शिकायला उशीर? चालताना दाराला धडक? डाव्या-उजव्याचा गोंधळ?

नाना ताडकन उठले आणि पाटाला अडखळले. “हाई त मनी कुंडली शे! मी आजूनबी सायकल शिकनू नही!”

चाळीस वर्षं त्यांना धांदरट म्हणणाऱ्या मंजुळाबाईंनी पाट उचलून त्यांच्या वाटेतून बाजूला ठेवला.

मग धुळ्याच्याच डॉक्टरांनी तपासून भूमिकाच्या त्रासाचं नाव सांगितलं, डिस्प्रॅक्सिया. काय करायचं ते कळतं, पण हालचालींची जुळवाजुळव जड जाते. आळस नाही, मठ्ठपणा तर नाहीच. हा त्रास मोठ्यांनाही असतो. कामाचे छोटे टप्पे, नेमका सराव आणि शाळेत जादा वेळ मिळाला तर खूप सोपं होतं. मग लोकहो, पोरांना धपाटे घालत कशाची वाट बघताय? दाखवून या ना!

आज नानांचीही तपासणी आहे. भूमिका फ्रॉकची बटणं लावतेय, चार झाली, दोन राहिली. बाहेर धुळ्याची बस हॉर्न वाजवतेय. सुलक्षणाचा हात मदतीला पुढे होतो, मंजुळाबाई तो धरतात.

“लाव निवांत, बेटा. हाई बस गई त दुसरी यी.”