आईकडून आलेलं

बाळाला पुन्हा ताप भरला. औषधं झाली, तपासण्या झाल्या, पण कारण काही सापडेना. नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे विरळ केस आणि डोळ्यांभोवतीची काळसर, सुरकुतलेली त्वचा पाहिली, हिरड्यांवरून बोट फिरवलं. वर्ष उलटलं तरी एकच दात, तोही टोकदार.

"याला घाम येताना कधी पाहिलंय?"

नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले.

"घामच येत नाही, तर अंगातली उष्णता जाणार कुठून? केस, दात, घामाच्या ग्रंथी गर्भात एकाच थरातून घडतात. एका जनुकात दोष असला की तिन्हींत उणीव राहते. तो बहुतेकदा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला त्रास कमी असतो. तुमच्या माहेरी कुणाला दात कमी?"

"छे! आमच्याकडे सगळे धडधाकट." बायकोच्या आधी सोबत आलेली तिची आईच बोलली.

लेकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लग्नाआधी आईनेच तिला लांबच्या दवाखान्यात नेऊन पुढचे दात बसवून घेतले होते, वर तंबी दिली होती, "जावईबापूंना कळता कामा नये." तेव्हापासून ती दार लावून दात घासत आली होती.

तिने दातांची पट्टी काढून तळहातावर ठेवली.

"हे मला आलेच नाहीत कधी." शब्द फुसफुसले. मान वर करवेना.

"मला सांगितलं का नाहीस?" नवऱ्याने विचारलं.

"सांगितलं असतं, तर लग्न केलं असतं?"

तो लगेच 'हो' म्हणाला नाही, आणि मग त्याचीच नजर खाली गेली.

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "माझा धाकटा भाऊ असाच होता. उन्हाळ्यात फणफणला, आणि घाम फुटावा म्हणून आम्ही त्याला गोधडीत गुंडाळलं. गेला तो. नंतर त्याचं नावही कुणी काढलं नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तेव्हा नव्हतं. पण आत्ता मी 'छे' म्हणाले, ते?"

बाळाच्या अंगावर ओलं फडकं टाकून पंखा लावला, तसा ताप हळूहळू उतरला. त्याला गारव्यात जपायचं, दात पुढे बसवता येतील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

बाहेर बाकावर आई पुटपुटली, "तुझ्या धाकट्या बहिणीलाही दिवस गेलेत."

"मी सांगू तिला?"

"नको. लपवायला मीच शिकवलं दोघींना." आईने फोन लावला. पलीकडून "बोल गं आई" ऐकू आलं, तशी ती म्हणाली, "जावईबापूंनाही जवळ बोलाव."