जहाजाचा सातबारा

“आवाज जरा खाली घ्या मॅडम, बाहेर माणसं बसलीत,” असं म्हणत वैजनाथनं उठून काचेचं दार लोटलं.

“बसू द्या की. त्यांनाबी कळू द्या, तुमी पोरं कुठं धाडता ते.” संघप्रियानं पिशवीतले कागद काढून टेबलावर आपटले. “सहा महिने झाले, मला सांगताय इंजिनात बिघाड हाय. इंजिनाला काय धाड भरलीय? जहाजावर निर्बंध हायत. अमेरिकेचे हायत, ब्रिटनचे हायत, युरोपाचे हायत. कुठलं बंदर त्याला आत घेईना. आन् माझा प्रसेनजित त्याच्यावर अडकलाय, पाणी मोजून पितोय.”

वैजनाथ धाराशिवात बसून पोरांना जहाजावर चढवायचा. स्वतः त्यानं समुद्र पाहिला होता तो कॉलेजच्या सहलीत, तोही लांबून, बूट भिजू नयेत म्हणून. भिंतीवर मात्र जहाजाचं पाच फूट लांबीचं पोस्टर लावलेलं. पंखा सुरू झाला की ते हलायचं.

“ह्या असल्या इंटरनेटवरच्या गोष्टी…”

“गोष्टी न्हाईत, नोंदी हायत. तारीखवार.”

नोंदीशी खेळ करू नये अशी बाई म्हणून वाशीच्या तहसील कचेरीत संघप्रियाचं नाव होतं. अठ्ठावीस वर्षं तिनं तिथं अभिलेख कक्षात काढली होती. खोट्या कागदाचा माणूस तिच्या टेबलापुढं उभा राहिला की आधी रुमाल काढायचा. कुणी सांगू लागलं, ही जमीन अमक्याची, तर ती मान वर न करता म्हणायची, “नाव सांगू नका. नाव बदलतं. गट नंबर सांगा.”

दोन महिन्यांपूर्वी प्रसेनजितनं फोटो पाठवला होता. जहाजाच्या मागच्या अंगाला दोरानं फळी टांगलेली, तिच्यावर नारिंगी डगल्यातला प्रसेनजित, हातात ब्रश. जुनं नाव पुसून नवीन रंगवायला लावलं होतं. ‘मेलिना’ एवढं झालं होतं, पुढचं बाकी. खाली लिहिलं होतं : आई, तुझा इंजिनिअर पेंटर झाला बघ.

कचेरीतल्या बाया हसल्या. संघप्रिया हसली नाही. नाव कोण बदलतं आणि कधी बदलतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. फोटो मोठा करत करत ती नावाच्या खाली गेली. तिथं लोखंडातच उठवलेले सात आकडे होते, जहाजाचा जन्मापासूनचा नंबर. शेवटचे तीन, चार-एक-सात. ते कुणाला पुसता आले नव्हते.

मग जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती कचेरीच्या संगणकावर बसू लागली. देशोदेशीच्या निर्बंधांच्या याद्या कुणालाही फुकट उघडता येतात, हे तिला तसं आधीपासून माहीत होतं. आता तिनं शोधाच्या चौकटीत ते सात आकडे टाकले, आणि जहाजाचा सगळा फेरफार समोर उलगडला. आधीची नावं तीन. झेंडे चार, म्हणजे चार देशांच्या नोंदण्या. मालक कुठल्याशा बेटावरची एक कंपनी, ऑफिस म्हणजे नुसती टपालपेटी. यादीत घेतल्याची तारीख प्रसेनजित चढण्याच्या अकरा महिने आधीची. मालक होता, झेंडा होता, टनात वजन होतं. जहाजावरल्या माणसांचा रकानाच नव्हता.

“ही तारीख वाचा,” ती आता म्हणाली. “मोठ्यानं वाचा.”

वैजनाथनं कागद पाहिलासुद्धा नाही. “मॅडम, एक विचारू? जायच्या आधी तुम्हीच बघितलं होतं ना? मला फोन करून म्हणालात, यादीत नाव न्हाय, बिनधास्त पाठवते.”

संघप्रियाच्या कानशिलावरची शीर तटतटली. माणूस खरं बोलत होता, म्हणूनच त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. त्या दिवशी तिनं ह्याच याद्या उघडल्या होत्या. नेमणुकीच्या कागदावरचं जहाजाचं नाव टाकलं होतं. काहीच सापडलं नाही, तेव्हा तिनं पोराला रुबाबात सांगितलं होतं, “माझ्या नजरेखालनं गेलंय, जा.” नंबर त्याच कागदावर होता, तिसऱ्या ओळीत. अख्ख्या तालुक्याला गट नंबर विचारणारी बाई स्वतःच्या पोराच्या वेळी नाव बघून उठली होती.

वैजनाथनं तिचा चेहरा वाचला आणि आवाज मऊ केला. “ऐका माझं. सहा तारखेला बदलीचा माणूस होडीनं जहाजावर चढतोय. तो आल्याशिवाय तुमच्या पोराला सोडत नाहीत. बाहेर बसलेत ना, ती तामलवाडीची मायलेकरं? तो चढला की तुमचा उतरला. तेव्हा कागद पिशवीत घाला आणि गपगुमान घरी जा.”

तिनं कागद गोळा केले.

बाहेर बाकड्यावर एक बाई एकटीच बसली होती. पायाशी नवीकोरी बॅग, तिच्यावर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच.

“बाई, तुमी कचेरीतल्या व्हय?” तिनं विचारलं. “आवाजावरनंच वळखलं. मी तुळजाबाई. एवढा कागद बघा की. योगीराज झेरॉक्स आणायला गेलाय. त्यो म्हंतो समदं बरूबर हाय. पर त्याला शर्टाच्या गुंड्या नीट लावता येत न्हाईत, कागद काय कळतोय!”

संघप्रियानं कागद हातात घेतला. जहाजाचं नाव मेलिना ग्रेस. तिसरी ओळ. चार-एक-सात.

काचेमागं वैजनाथ उभा होता. त्यानं हळूच मान हलवली, आपलं ठरलंय अशा थाटात.

‘बरोबर हाय’ एवढं म्हणायचं. दोन शब्द. सहा तारीख, मग आठवड्याभरात प्रसेनजित वाशीच्या स्टँडवर.

“पेन हाय का?” तिनं विचारलं, आणि स्वतःच्याच पिशवीतलं काढलं. सात आकड्यांभोवती गोल केला, कागद फाटेल इतका दाबून. “तुळजाबाई, नाव बघू नका. हा नंबर बघा. ह्या जहाजाला कुठलं बंदर घेत न्हाय. त्यावर चढलेला माणूस उतरत न्हाय.” तिनं फोन पुढं केला. “हे नाव माझ्या पोरानं रंगवलंय.”

तुळजाबाईनं फोटो बराच वेळ पाहिला. अक्षरं तिला येत नव्हती. ती फळीवरच्या पोराकडं बघत होती.

“मग तुमचा कवा उतरनार?”

संघप्रियानं योगीराजचा कागद घडी घालून तिच्या हातात परत दिला. तुळजाबाईनं भिंतीवरच्या हलत्या जहाजाकडं पाहिलं, काचेमागच्या माणसाकडं पाहिलं आणि तिला सगळा हिशेब कळला. तिनं संघप्रियाचं मनगट घट्ट धरलं, मग सोडलं. बॅग उचलून ती जिना उतरली. खालून तिचा आवाज आला, “झेरॉक्स ऱ्हाऊ दे रं, चल घरला.”

दार धाडकन उघडलं. “काय केलंत हे! आता बसा वर्षभर!”

“बसते,” संघप्रिया म्हणाली. पिशवीतनं तिनं तक्रार अर्जाची दुसरी प्रत काढली. “पहिली जिल्हाधिकाऱ्यांकडं चाललीय. ही तुमची. सही करा, तारीख टाका, पोच द्या.”

“नाही देत.”

“मग मी हलत न्हाय.” ती बाकड्यावर बसली. तासाभरानं त्यानं सही केली.

वाशीच्या गाडीत बसल्यावर फोन वाजला. आठ दिवसांनी जहाजाला रेंज मिळाली होती, प्रसेनजितचा मेसेज होता. जयभीम आई. सहा तारखेला बदली येतीय म्हणे. बॅग भरून ठेवलीय.

येडशी गेलं, येरमाळा गेलं. मग तिनं लिहिलं : कपडे बाहेर काढून ठेव. बॅगेत दमट वास लागतो.

खाली एकच टिक उमटली. वाशी येईस्तोवर ती एकच होती.