कमरेएवढा घोडा

नालवाडीच्या बंडोपंतांना यंदा तान्ह्या पोळ्याचं पहिलं बक्षीस हवं होतं. बाकीची पोरं लाकडी बैल ओढत आणणार, तर आपली नात वेदश्री जिवंत घोडा घेऊन जाईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. हिंगणघाटचा रोशन वाढदिवसांना बुटका घोडा भाड्यानं द्यायचा. तो सकाळीच टेम्पोतून घोडा घेऊन हजर झाला.

बंडोपंतांच्या पत्नी मीराबाई अंगणात तुळशीपुढे बसल्या होत्या. चातुर्मासात तुळशीची पूजा आटोपेपर्यंत त्यांचं मौन असे. अकरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. बंडोपंतांना या व्रताचं फार कौतुक, कारण तेवढा वेळ त्यांना बिनविरोध बोलता येई.

"काकाजी, याच्या मागून नका जाऊ," रोशन म्हणाला. "खांद्यापाशी उभे राहा, हात लावायच्या आधी आवाज द्या. दोर हाताले गुंडाळू नका. अन् पायात जोडे घाला."

"घोड्याच्या पूजेले जोडे? अन् कमरेएवढं जनावर मले काय करते बे? तीस वर्षं हापिस सांभाळलं मी!"

"हापिसाले मागचे पाय नसतात, काकाजी," असं म्हणून रोशन झूल आणायला टेम्पोकडे गेला.

बंडोपंत अनवाणीच उभे राहिले. फोटोत लगाम भारदस्त दिसावा म्हणून त्यांनी दोराचे तीन वेढे मुठीला घेतले. घोड्याच्या कपाळाला कुंकू लावून झालं, आणि त्यांना गाय आठवली. गाईची पूजा शेपटीला हात लावल्याशिवाय पुरी होते का?

"वेदू, मागून जा अन् शेपटीले कुंकू लाव. मंग नमस्कार कर."

सहा वर्षांची वेदश्री वाटी घेऊन निघाली.

मीराबाईंच्या हातातली फुलं तशीच राहिली. आष्टीला त्यांच्या वडिलांचा टांगा होता. घोडा असा कान मागे पाडतो तेव्हा पुढे काय होतं, ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्यांनी हात हलवला, चुटकी वाजवली.

"थांब ना, आरती मंग करू," बंडोपंत म्हणाले.

पोर आता घोड्याच्या पायांपासून दोन हातांवर होती. ओरडावं, तर जनावर बुजणार. मीराबाईंनी तुळशीकडे एकदा पाहिलं आणि रोज नातीला निजवताना असे त्याच आवाजात म्हणाल्या, "वेदू, तिथून बाजूला हो, बाळा. माझ्याकडे ये, प्रसाद देते."

प्रसादासाठी वेदश्री बाजूनं पळतच आली. मीराबाईंनी तिला पदराखाली घट्ट धरलं.

"मौन मोडलं!" बंडोपंत केवढ्यांदा ओरडले. "अकरा वर्षांचं पुण्य घालवलं! काऊन? तर एवढ्याशा शिंगराले भेते! पाह्य, मी दाखवतो."

आणि ते स्वतः मागून गेले, शेपटी धरून वाकले.

लाथ गुडघ्याखाली बसली. घोडा पळाला, मुठीचे वेढे आवळले आणि बंडोपंत पीतांबरासकट फाटकापर्यंत घसरत गेले. रोशननं धावत येऊन घोडा धरला. "मागून गेले ना, काकाजी?" एवढंच तो म्हणाला आणि वेढे सोडवू लागला.

संध्याकाळी वेदश्री माळ्यावरचा जुना लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ, मागत हिंडली. बक्षीस मिळालं नाही, पण बिस्किटांचे सात पुडे आणि सगळी हाडं शाबूत घेऊन ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे सदाशिवराव समाचाराला आले. बंडोपंतांचा पाय प्लास्टरमध्ये उशीवर होता, दोन बोटांना पट्ट्या होत्या.

"केवढा घोडा होता जी?"

"घोडा? अरे, हत्ती होता! पुरा सहा फूट! इले इचारा ना, ही तिथंच होती."

मीराबाई तुळशीपुढे बसल्या होत्या. मौन त्यांनी आजपासून पुन्हा पहिल्या दिवसापासून धरलं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवून सदाशिवरावांना ते समजावलं, मग शांतपणे उठल्या आणि हाताचा पंजा आडवा करून आपल्या कमरेपाशी धरला.

थोडा विचार करून आणखी चार बोटं खाली घेतला.